शून्य लिहिलेले आठ दिवस

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की गाव संपून ऊस सुरू होतो, तिथे रस्त्याला लागूनच आमचा वृद्धाश्रम आहे. मी तिथे सिस्टर आहे, आठ वर्षं झाली. आधी बारामतीतल्या एका दवाखान्यात होते. तिथे पाळ्या बदलायच्या आणि माझी मुलगी लहान होती, म्हणून इथली कायम दिवसाची ड्यूटी बघून आले. नात्यातल्या बायका म्हणतात, म्हाताऱ्या माणसांचं करतेस, आशीर्वाद मिळतील. मी हसून विषय बदलते. चार वर्षांपूर्वी माझ्या हातून जे झालं ते त्यांच्यापैकी कुणाला माहीत नाही. मुलीलाही मी सांगितलेलं नाही.

तेव्हा आमच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा, मंगळवारी, बारामतीहून एक डॉक्टर मॅडम यायच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण कामाला पक्क्या. एका मंगळवारी त्यांनी प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेलं एक कार्ड आणलं. त्यावर सहा चेहरे ओळीने काढले होते. पहिला हसरा, शेवटचा रडका, आणि खाली शून्यापासून दहापर्यंत आकडे.

"सिस्टर, आपण रोज बीपी घेतो, ताप बघतो, तसं आता दुखणंही मोजायचं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचं, किती दुखतंय. ते सांगतील तो आकडा चार्टवर लिहायचा. चारच्या वर असेल तर मला फोन करायचा, गोळी द्यायची, तासाभराने पुन्हा विचारायचं आणि पुन्हा लिहायचं."

पहिले काही दिवस मला त्या कामात मजा वाटली. एक निवृत्त गुरुजी होते. मी दहापैकी किती म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पाच लिहा. पास होण्यापुरते." जन्मभर ऊस केलेले एक तात्या होते. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून एकेक चेहरा नीट पाहिला आणि परत देत म्हणाले, "ह्यातलं एक बी तोंड माझ्यासारखं न्हाय." पण बहुतेक जण एकच उत्तर द्यायचे. बरं हाय. काय न्हाय. चाललंय. आमच्याकडची म्हातारी माणसं दुखण्याबद्दल विचारलं की लाजतात, जणू आपण त्यांच्या घरातली भांडणं विचारतोय. त्या "बरं हाय"ला कार्डावर जागा नव्हती. मी त्याचं शून्य करायला लागले.

महिन्याभरात मी विचारणंही सोडून दिलं. तीस-बत्तीस माणसं, त्यांच्या गोळ्या, इन्सुलिन, ड्रेसिंग, हे सगळं होतंच. पण ते कारण सांगितलं तर खोटं ठरेल. वेळ मिळत होता. खरी गोष्ट अशी की शून्य लिहिलं की काम संपायचं आणि पाच लिहिलं की काम सुरू व्हायचं. सकाळी आल्यावर टेबलापाशी चहा पीत मी चार्टचा रकाना वरून खालपर्यंत भरून टाकायची. एकसारखं दिसू नये म्हणून मध्ये कुठेतरी एक, कुठेतरी दोन. त्यानंतर राउंडला निघायची.

मॅडमनी पुढच्या एका भेटीत चार्ट चाळला आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्याकडे लोक खरंच आरामात आहेत हं. इतकं कमी दुखणं मी कुठे बघितलं नाही."

मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून आठवतं. मी ते घरी येऊन सांगितलं होतं.

बायकांच्या बाजूला कोपऱ्यातल्या खोलीत दोन आज्या राहायच्या. आमच्याकडे माणसांना गावावरून ओळखायची सवय. एक लासुर्ण्याच्या आजी, एक मोरगावच्या. लासुर्ण्याच्या आजी भरल्या घरातल्या होत्या. कारखान्याचे सभासद असलेलं घर, चांगला ऊस. पण आजींची आठवण गेली होती. घरातून उठून रस्त्याला लागायच्या, एकदा कालव्याच्या कडेला सापडल्या, तेव्हा मुलाने नाइलाजाने आणून ठेवलं. ऐंशीच्या पुढचं वय, गोरा लहानसा चेहरा, डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायच्या नाहीत. बोलणं फार उरलं नव्हतं. काहीही विचारलं तरी "न्हाय बाई" म्हणायच्या. जेवलात का, न्हाय बाई. झोप लागली का, न्हाय बाई. तेही हसून.

मोरगावच्या आजी त्यांच्या अगदी उलट. काटक, उंच, डोकं लख्ख. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. लग्न झाल्यापासून तीसेक वर्षं दसऱ्यानंतर कळप घेऊन कोकणाकडे जायच्या आणि उन्हाळा सरताना परत यायच्या. आता मेंढरं गेली, एक मुलगा टेम्पो चालवतो, दुसरा एमआयडीसीत. आजींचे दोन्ही गुडघे गेले होते. दिवसभर पलंगावर बसून त्या सगळ्यांकडे बघायच्या. बघणं हेच त्यांचं काम होतं जन्मभर.

त्या खोलीचं काम बघायला एक मावशी होती. मावशी म्हणजे अंघोळ घालणारी, कपडे बदलणारी, भरवणारी बाई. आश्रमाच्या सगळ्यात जुन्या मावश्यांपैकी ती. इंदापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. आठवडाभर आश्रमातच राहायची आणि रविवारी घरी जायची. कमी बोलायची. लासुर्ण्याच्या आजींना हाताला धरून ती रोज बाथरूमला न्यायची आणि आणायची.

एका सोमवारी सकाळी मी औषधांच्या डब्या भरत होते. मावशी दारात आली.

"सिस्टर, लासुर्ण्याच्या आजी बाथरूमच्या दाराशी खाली बसलेल्या होत्या. मी बादली आणायला गेले तेवढ्यात उठल्या वाटतं. कशा बसल्या, पडल्या का काय, मला ठावं न्हाय. तुमी एकदा बघून घ्या."

मी म्हणाले, "आलेच."

अर्ध्या तासाने गेले. आत गेलेच नाही, दारातूनच पाहिलं. आजी पलंगावर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, हसत होत्या. मी विचारलं, "आजी, दुखतंय का कुठं?"

"न्हाय बाई."

कुणी पडलं की आमच्याकडे वेगळा फॉर्म भरावा लागतो, मॅडमना कळवावं लागतं, घरच्यांना फोन करावा लागतो. घरचे दहा प्रश्न विचारतात. पडल्याच नसतील, बसल्या असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. चार्टवर सकाळीच शून्य लिहिलेलं होतं. त्यात काही बदलायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी आजी उभ्या राहिनात. मावशीने दोनदा उठवून पाहिलं. बुधवारी तिने मला बोलावलं. म्हातारं माणूस एकदा झोपून राहिलं की अंथरूण धरतं, त्याला चालवलंच पाहिजे, हे मी सगळ्या मावश्यांना शिकवलेलं होतं. मी एका काखेत हात घातला, मावशीला दुसऱ्या काखेत घालायला लावला आणि आम्ही आजींना उचलून उभं केलं. उजवा पाय त्या टेकवत नव्हत्या. मी म्हणाले, "आजी, नाटक नको. चला, व्हरांड्यात ऊन आलंय."

मावशी म्हणाली, "सिस्टर, पाय टाकवंना त्यांना."

"सवय मोडलीय, दुसरं काही नाही. चला."

पलंगापासून व्हरांड्याच्या खुर्चीपर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. आम्ही आजींना तेवढं चालवलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती आणि तोंडातून बारीक हुं हुं असा आवाज येत होता. गुरुवारी पुन्हा चालवलं. हे मी केलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनाने केलं.

मोरगावच्या आजी हे सगळं समोरच्या पलंगावरून बघत होत्या. गुरुवारी दुपारी मी गोळ्या द्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्या म्हातारीला दुखतंय," त्या म्हणाल्या.

"विचारलं मी त्यांना. नाही म्हणतात."

"ती समद्यालाच न्हाय म्हणती. तिला काय इचारता? तिच्याकडं बघा की. काल धरनं घास तोंडात धरून बसती, गिळत न्हाय. एका कुशीवर पडली की पडली. माशी बसली तरी हात हलवत न्हाय."

"वय झालंय आजी."

"मेंढरू दुखलं तर वरडत न्हाय, पोरी. वरडलं तर लांडगं येतं. ते गप मागं ऱ्हातं. कान पाडतं. रवंथ थांबवतं. आमी रोज सांजच्याला बघायचो कोण मागं ऱ्हायलंय ते."

खोलीत दोन दुसऱ्या मावश्या चादरी बदलत होत्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजी, इथं मेंढरं नाहीत. माणसं आहेत." त्या दोघी हसल्या. मीही हसले. मोरगावच्या आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी शिकलेली होते, माझ्या हातात कार्ड होतं, आणि अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने मला माझं काम नीट समजावून सांगितलं होतं. मला ते कळलं नाही असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिले. कळलं होतं. पण बघायला गेले असते तर सोमवारचं सगळं उघडं पडलं असतं.

शुक्रवारपासून लासुर्ण्याच्या आजी मारायला लागल्या. डायपर बदलताना मावशीच्या तोंडावर त्यांनी नखं मारली. मावशीच्या गालावर दोन रेघा उठल्या. मी मॅडमना फोन केला आणि सांगितलं, आजी चिडचिड करतायत, हात उचलतात, झोपही नाही. पडल्याचं सांगितलं नाही. मॅडमनी विचारलं, "दुखणं वगैरे?" मी म्हणाले, "शून्य आहे मॅडम." त्यांनी शांत राहण्याची एक गोळी सांगितली. गोळी सुरू झाली आणि आजी दिवसभर गुंगीत पडून राहायला लागल्या. मारणं थांबलं, हुं हुं थांबलं. मी म्हणाले, चला, गुण आला.

मंगळवारी मॅडम आल्या. लासुर्ण्याच्या आजींच्या अंगावरचं पांघरूण त्यांनी बाजूला केलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मीही बघितलं. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते चित्र. मॅडमनी गुडघ्याखाली नुसता हात घातला, तेव्हा त्या गुंगीतूनही आजी कळवळल्या. तो आवाज सगळ्या बाजूला ऐकू गेला.

बारामतीला नेऊन एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलेलं होतं. मॅडम फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या, "आठ-दहा दिवसांचं आहे. सुरुवातीला नुसता तडा असेल. वजन पडून पडून सरकलंय." मग त्यांनी चार्ट मागितला. त्या सोमवारपासून आदल्या दिवसापर्यंत एका ओळीत आठ शून्यं होती, माझ्या अक्षरात, सुबक. "सिस्टर, तुम्ही रोज विचारत होता ना?"

"हो मॅडम."

त्यांनी चार्ट मिटला.

आजींचं हृदय अशक्त होतं, पण ऑपरेशन न करता ठेवलं तर हाल होतील म्हणून डॉक्टरांनी धोका पत्करून ते केलं. मुलगा लासुर्ण्याहून धावत आला. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, सदऱ्याला शेतातली माती तशीच. त्याचा एकच प्रश्न होता, माझ्या आईला पाडलं कुणी. बुधवारी व्यवस्थापक सरांनी ऑफिसात आम्हाला बोलावलं. मुलगा एका खुर्चीत, सर समोर, मी आणि मावशी उभ्या.

मावशी म्हणाली, "मी पाडलं न्हाय. खाली बसलेल्या दिसल्या, मी उचलून पलंगावर ठेवलं आन लगीच सिस्टरांना सांगितलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, सांगितलं होतं का तुम्हाला?"

मी नाही म्हणाले नाही. नाही म्हणायची हिंमतही माझ्यात नव्हती. मी म्हणाले, "सर, मला आठवत नाही."

मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला नीट ऐकू आलं नाही की काय, अशा नजरेने पाहिलं. तिच्या गालावरच्या त्या दोन रेघा अजून पुरत्या भरल्या नव्हत्या. मुलगा म्हणाला, "नोंद कुठाय? लिहिलंय का कुठं?" नोंद नव्हती. मावशीला लिहिता येत नव्हतं. लिहायचं काम माझं होतं. मग मुलगा मावशीला नको नको ते बोलला.

तिला त्याच दिवशी काढलं. तिने खोलीतून एक कापडी पिशवी आणली, त्यात दोन लुगडी आणि जेवणाचा डबा. गेटबाहेर रस्त्याच्या कडेला ती इंदापूरच्या एसटीची वाट बघत बराच वेळ उभी होती. औषधांच्या खोलीच्या खिडकीतून ती मला दिसत होती. मी खिडकी लावून घेतली.

दहा-बारा दिवसांनी आजी परत आल्या. आता त्या अंथरुणाच्याच झाल्या होत्या. मॅडमनी बोलता न येणाऱ्या माणसांसाठी वेगळा फॉर्म आणला. त्यात विचारायचं नव्हतं, बघायचं होतं. कूस बदलताना कपाळाला आठ्या पडतात का, हात कशाला धरून ठेवतात, श्वास कसा चालतो, घास गिळतात का. पाच मिनिटं पलंगाशेजारी बसून बघायचं आणि मग लिहायचं. मला तो फॉर्म वाचताना मोरगावच्या आजींचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी सांगितलेलं एकूणएक त्यात होतं.

मोरगावच्या आजी माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. एका सकाळी मी कार्ड घेऊन त्यांच्याकडे गेले, खरोखर विचारायला. "आजी, गुडघे किती दुखतात? एक आकडा सांगा."

त्या म्हणाल्या, "तुमाला जे लिवायचं हाय ते लिवा. आजवर लिवलंच की."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. चहा पीत रकाना भरताना मी त्यांना त्यांच्या पलंगावरून, उघड्या दारातून दिसत असणार. मला वाटत होतं मला कुणी बघत नाही.

लासुर्ण्याच्या आजींजवळ मी रोज पाच मिनिटं बसायला लागले. पहिल्यांदा घड्याळाकडे बघत. नंतर घड्याळ विसरायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांची कूस बदलत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "दुखतंय गं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "किती?"

"लई," त्या म्हणाल्या. आणि मग लेकीला समजावल्यासारखं, "लई गं."

त्या दिवशी दुपारी मी सरांच्या ऑफिसात गेले आणि सांगितलं, मावशीने मला सोमवारीच सांगितलं होतं. सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सिस्टर, आता मुलगा शांत झालाय. बाई पण गेली. झालं ते झालं, तुम्ही कशाला उकरताय?"

मी बरं म्हणून बाहेर आले. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सांगून टाकलं, ऐकणाऱ्याने नको म्हटलं, माझ्याकडून पूर्ण झालं. असे आणखी आठ-नऊ दिवस गेले. रविवारी आजींचा मुलगा आला. मोबाइलवर आईचे जुने फोटो दाखवत तो तिच्या उशाशी बसला होता. जाताना मला म्हणाला, "सिस्टर, तुमचे उपकार आहेत. तुम्ही एवढ्या बसता आईजवळ, मला मोरगावच्या आजींनी सांगितलं."

त्यांनी माझ्याबद्दल ते सांगितलं होतं. बाकीचं सांगितलं नव्हतं. ते माझ्यावर सोडलं होतं, असं मला वाटलं. खरं काय ते त्यांनाच माहीत.

मी त्याला व्हरांड्यात थांबवलं आणि सगळं सांगितलं. मावशीने लगेच कळवलं होतं. मी दारातून बघितलं. मी चालवलं. दोन दिवस चालवलं. शून्यं मी न विचारता लिहिली. गोळीसाठी फोन मी केला. सांगताना मी त्याच्या पायातल्या चपलांकडे बघत होते. तो ओरडेल, अंगावर येईल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "चालवताना ओरडली का ती?"

"नाही."

तो कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "त्या बाईला मी काय काय बोललो, ऐकलं ना तुम्ही. तिथंच उभ्या होता." आणि गेला.

पुढे मॅडमना कळलं, संस्थेच्या मंडळींना कळलं. मला लेखी ताकीद मिळाली, तेव्हा मुख्य सिस्टरचं काम माझ्याकडे होतं, ते काढून घेतलं. नोकरी राहिली. मॅडम म्हणाल्या, "चार्ट मीही वाचत होते. इतकी शून्यं बघून मला शंका यायला पाहिजे होती." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या, पण माझ्या चुकीतला वाटा मला त्यांना द्यायचा नव्हता.

मावशीला आश्रमाने परत बोलावलं. ती आली नाही. मी सुट्टीच्या दिवशी एसटीने इंदापूरकडे गेले आणि विचारत विचारत तिची वस्ती गाठली. ती घरी नव्हती. रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये डाळिंबं निवडायला जात होती. शेडच्या दारातून मी तिला पाहिलं, दहा-बारा बायकांच्या ओळीत खाली बसलेली, लहान-मोठी फळं वेगळी करत. मला बघून उठली, हात पुसले आणि बाहेर आली. तांब्याभर पाणी दिलं.

मी म्हणाले, "मावशी, मी खोटं बोलले. तुम्ही मला सांगितलं होतं. मी आता सगळ्यांना सांगितलंय."

"समद्यांना म्हंजी कुणाला?" तिने विचारलं. "हितं वस्तीवर म्हणत्यात, म्हातारीला पाडून आली. माझ्या सुनंच्या माहेरापर्यंत गेलंय ते. तितं जाऊन सांगणार हाय का तुमी?"

"सांगते. आत्ता सांगते, या शेडपासून."

"नको," ती म्हणाली. "आता तुमी सांगाया लागलात तर अजून चार दिस बोलायला मिळंल त्यांना."

मग तिने विचारलं, "आजी कशा हायती?"

मी सांगितलं. अंथरुणाला आहेत, पाठीवर लालसर झालंय, अजून जखम नाही. ती म्हणाली, "दोन पायांच्या मधी उशी देताय का? डाव्या कुशीवर ठेवा, पर तोंड खिडकीकडं पायजे. भिताडाकडं केलं तर जेवत न्हाईत त्या." मी मान हलवली. ती आत वळून म्हणाली, "जावा आता. इंदापूरची गाडी आली की लगीच बारामतीची लागती." मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितलं नाही, मागायची लाज वाटली.

त्यानंतर महिनाभरातच आजींच्या मुलाने आईला लासुर्ण्याला घरी नेलं. निघताना त्याने मला सांगितलं नाही, पण मॅडमकडून कळलं की तो त्या वस्तीवर गेला होता. शेडमध्ये सगळ्या बायकांसमोर त्याने मावशीला सांगितलं, माझं चुकलं, आईला तुमच्याच हाताची सवय आहे, घरी येऊन तिचं करता का. मावशी दोन दिवस हो म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी कापडी पिशवी घेऊन लासुर्ण्याला उतरली.

मी एकदाच गेले तिथे. मॅडम घरी तपासायला जात होत्या, त्यांनी बरोबर चला म्हटलं. मोठं घर, पुढच्या खोलीत खिडकीजवळ पलंग, आजींचं तोंड बाहेरच्या उसाकडे. सुनेने चहा आणला, मला काही बोलली नाही. मावशी आजींची कूस बदलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, त्या अंगाने धरा." मी धरलं. तिने खाली हात घालून आजींना असं वळवलं की त्यांच्या कपाळावर एक आठी पडली नाही. मी ते काम इतकी वर्षं केलंय, मला तसं येत नाही.

आजी पावसाळ्यात गेल्या, झोपेत. मला तीन दिवसांनी कळलं.

मोरगावच्या आजी पुढे वर्षभर आमच्याकडे होत्या. हळूहळू त्या माझ्याशी बोलायला लागल्या, गुडघ्यांचं सांगायला लागल्या, गोळी लागू पडली की तेही सांगायच्या. एकदा मी त्यांच्या पायाला तेल लावत होते, तेव्हा म्हणाले, "आजी, मी तुम्हाला त्या दिवशी मेंढरांवरून बोलले." त्या म्हणाल्या, "व्हय. बोललीस." एवढंच. पाय मागे घेतला नाही.

नव्या मुली कामाला येतात, तेव्हा मी त्यांना पलंगाशेजारी बसवते आणि बघायला लावते. चांगलं शिकवता, असं त्या म्हणतात. कुठे शिकलात, असं एकीने विचारलं होतं. मी तिला कोकणाकडे मेंढरं घेऊन जाणाऱ्या एका आजींबद्दल सांगितलं. लासुर्ण्याच्या आजींबद्दल, त्या बारा-पंधरा पावलांबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि मी उठून गेले. हाक दुसऱ्या कुणालाही ऐकू येण्यासारखी होती. कुणीही गेलं असतं तरी चाललं असतं.

मावशी आता लासुर्ण्याच्या बाजूला दोन-तीन घरी म्हाताऱ्या माणसांचं बघते असं ऐकते. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी अजून फोन केलेला नाही.